पाव किलो मटणाचे सात फोटो

आमच्या गल्लीच्या टोकाला मटणाचं दुकान आहे. तिथले दादा दर रविवारी आम्हाला काही न विचारता अर्धा किलो तोलायला घेतात. यावेळी मी बुधवारी गेले, दुकानात मी, ते आणि एक मांजर, बस. "पाव किलो द्या, मांडीचा सलग तुकडा, हाड नको, बारीक करू नका, आणि कापलं की लगेच पिशवी घट्ट बांधा, हवा लागायला नको."

"काय करायचंय ताई, कबाब?"

"फोटो काढायचेत."

दादांनी सुरा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, परत उचलला. "मग चांगल्या बाजूने कापतो," म्हणाले.

तर त्या पाव किलोची ही गोष्ट. गेली काही वर्षं माझं काम हेच आहे, टिश्यूचे फोटो काढणं. शाळेत आपण त्याला ऊती म्हणायचो. आईला अजून टिश्यू म्हटलं की हॉटेलातला पेपर नॅपकिन आठवतो आणि ती नातेवाइकांना सांगते की पोरगी फोटोग्राफीत पीएचडी करतेय. एका अर्थी खरंच आहे ते. फक्त माझा कॅमेरा तीन रंगांवर थांबत नाही, आणि घरी मटणावर हा खेळ करायचं कारण असं की लॅबमध्ये मी एकदा सपाटून आपटले होते आणि ते नेमकं कुठे आपटले हे स्वतःला परत एकदा, स्वस्तात, दाखवायचं होतं. त्यावर येते पुढे.

आधी हे मल्टिस्पेक्ट्रल प्रकरण काय आहे ते. साडीच्या दुकानात ट्यूबलाइटखाली ब्लाउजपीस अगदी मॅच होतो, आणि अनुभवी बाई तो घेऊन आधी दारापाशी उन्हात जाते, तिथे साडी एकीकडे आणि ब्लाउज दुसरीकडे. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पण लाल-हिरव्या-निळ्या काचांची बारीक जाळी असते (कोडॅकच्या ब्राइस बायरने १९७६ मध्ये पेटंट घेतलेली ती, आजही बहुतेक फोनमध्ये तीच) आणि या तीन काचांपैकी प्रत्येक काच प्रकाशाचा भलामोठा पट्टा एकदम आत घेते. त्यामुळे दोन वेगळ्या वस्तू वेगवेगळ्या कारणांनी लाल असल्या तरी फोटोत सारख्याच लाल येतात. दारापाशी जाणारी बाई काय करते? दिवा बदलते. आम्ही पण तेच करतो, फक्त सात-आठ वेळा आणि मोजूनमापून. एकेका अरुंद पट्ट्याच्या प्रकाशात एकेक काळापांढरा फोटो काढायचा, सगळे एकावर एक रचायचे, मग प्रत्येक पिक्सेलला एक रंग असण्याऐवजी आकड्यांची एक ओळ मिळते, ४७० ला इतका उजेड परत आला, ५२५ ला इतका, ६३० ला इतका (हे आकडे नॅनोमीटरमध्ये, म्हंजे प्रकाशाच्या लहरीची लांबी, प्रत्येक रंगाची वेगळी). त्या ओळीवरून ओळखायचं की इथे रक्त आहे का चरबी आहे का आणखी काही. उपग्रहवाले हे कधीपासून करतायत, १९७२ च्या लँडसॅटवर चार पट्ट्यांचा स्कॅनर होता, आपला आयआरएस-१ए १९८८ साली गेला त्याच्याही कॅमेऱ्यांना चार पट्टे होते, त्यावरून पिकाची तब्येत कळते. शेताऐवजी जीभ ठेवा, विचार तोच.

आणि शरीरात हे चालतं त्याचं मोठं कारण रक्त. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलेला असला की हिरव्या-पिवळ्या भागात त्याच्या शोषणाची दोन शिखरं येतात, ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरच्या आसपास, आणि ऑक्सिजन सुटला की दोन्हीच्या जागी एकच शिखर, ५५५ च्या जवळ. डोळ्याला हे फक्त "जरा काळपट लाल" एवढंच कळतं. मधेमधे अशा काही जागा असतात जिथे दोन्ही रूपं अगदी सारखंच शोषतात, आणि मला विचाराल तर सगळ्या विषयातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. तिथे रक्त किती हे कळतं, बाकीच्या जागी ते कसलं हे कळतं.

मटणात मात्र रक्त फारसं उरत नाही बरं का, लोकांना वाटतं ते लाल पाणी म्हंजे रक्त, ते नाही, तो मायोग्लोबिन, स्नायूतला हिमोग्लोबिनचा चुलतभाऊ. त्याची तीन रूपं. कापल्याकापल्या आतलं मांस जांभळट असतं, ते ऑक्सिजन नसलेलं रूप. हवा लागली की अर्ध्या-पाऊण तासात लालचुटूक, ते ऑक्सिजनवालं. आणि ठेवून दिलं की तपकिरी, त्यातल्या लोहाचं ऑक्सिडेशन झालेलं, त्याला मेटमायोग्लोबिन म्हणतात. मांसाचा रंग मोजणारे लोक सांगतात की ५२५ ला ही तिन्ही रूपं जवळपास सारखीच शोषतात, आणि तपकिरी रूपाचा एक वेगळा पट्टा ६३० च्या आसपास असतो जो बाकी दोघांना नाही. आता बघा, बाजारात मिळणारा साधा हिरवा एलईडी ५२५ चा असतो आणि लाल ६३० चा! मला हे लक्षात आलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी एकटीच हसले.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या बुधवार पेठेत गेले, पासोड्या विठोबाच्या आसपास ती इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत तिथे. ४७०, ५२५, ५९०, ६३०, ६६०, ८५०, ९४०. काउंटरवरच्या मुलाला मी नॅनोमीटरमध्ये मागितलं तर तो म्हणाला, "मॅडम रंग सांगा." ८५० आणि ९४० म्हंजे इन्फ्रारेड, डोळ्याला दिसतच नाहीत, त्यांना काय रंग सांगणार, म्हटलं सीसीटीव्हीतला आणि टीव्हीच्या रिमोटमधला. लगेच दिला.

कॅमेरा रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरचा, नोआयआरवाला, म्हंजे त्याच्यावर इन्फ्रारेड अडवणारी काच मुळातच नसते. बुटाच्या खोक्याला आतून काळा कागद लावला, वरून भोक पाडून कॅमेरा, बाजूने एलईडी, प्रत्येकाला एक बटण. खोक्यात स्टीलची ताटली ठेवणार होते पण स्टील चमकतं, मग आईची जुनी काळी पोळपाटाएवढी टाइल सापडली.

आता पहिला फोटो काढायच्या आधीचीच कामं सांगते कारण खरं काम तेवढंच आहे.

पहिलं, कॅमेऱ्याचा शहाणपणा बंद करणं. ऑटो एक्स्पोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स, सगळं बंद, आणि रॉ डेटा घ्यायचा, म्हंजे सेन्सरचे न सजवलेले आकडे. कॅमेरा फोटो "छान" करायला बसलेला असतो, त्याला छान दिसणं हवंय आणि मला खरं.

दुसरं, अंधाराचा फोटो. सगळे दिवे बंद करून, खोकं झाकून, त्याच एक्स्पोजरला. तो पूर्ण काळा येत नाही कधीच, सेन्सरचा स्वतःचा एक कुजबुजाट असतो, तो वजा करावा लागतो.

तिसरं, पांढऱ्याचा फोटो. मटणाच्या जागी पांढरी वस्तू ठेवून प्रत्येक एलईडीखाली फोटो, म्हणजे दिव्याने किती आणि कुठे उजेड टाकला ते कळतं. मग मटणाच्या फोटोतून अंधार वजा, पांढऱ्याच्या फोटोतून अंधार वजा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. एवढंच. तिसरीच्या मुलाला येणारं गणित, आणि याच्याशिवाय पुढचं सगळं फुकट.

पण पांढरं म्हंजे कुठलं पांढरं? मी आधी प्रिंटरचा कागद घेतला, आणि निळ्या एलईडीखालचे माझे आकडे काहीतरी भलतेच यायला लागले. आपल्या लहानपणी धोतर-शर्ट पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून टिनोपॉल घालायचे आठवतंय? तोच प्रकार कागदात असतो, जांभळा-अतिनील प्रकाश खाऊन निळा बाहेर टाकणारं रसायन. तो कागद नुसता प्रकाश परत करत नाही, स्वतःचा जोडतो. लॅबमध्ये यासाठी महागडी पांढरी फरशी मिळते, घरी त्याचं उत्तर प्लंबरकडे आहे, नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप! तिचे दहाबारा पदर एकावर एक दाबून बसवले की मस्त एकसारखं पांढरं होतं, निळ्यापासून इन्फ्रारेडपर्यंत, आणि किंमत वीस-पंचवीस रुपये.

मग मटण. पिशवी सोडली, मधोमध सुरी फिरवली, आतली बाजू वर. जांभळट, जवळजवळ जांभळासारखीच. पटापट सात फोटो. मग दहा मिनिटांनी सात, वीस मिनिटांनी सात, अशी दीड तास. आई दोनदा येऊन बघून गेली, "शिजवायचंय का नाही ते सांग, तसं वाटण करते."

पहिला घोटाळा चमकेचा. मटण ओलं असतं, त्याच्यावर दिव्याचा पांढरा ठिपका पडतो, तो ठिपका मटणाची काहीच माहिती देत नाही, तो नुसता दिव्याचा आरसा. यावर उपाय पोलरायझरची फिल्म, जी एकाच दिशेने कंप पावणारा उजेड जाऊ देते, एक दिव्यापुढे, एक कॅमेऱ्यापुढे, एकमेकींना काटकोनात. वरून परतलेला उजेड कॅमेऱ्यापुढची फिल्म अडवते, आत शिरून फिरूनफिरून आलेला येतो. झकास. सगळे ठिपके गेले... आणि ८५० ला परत आले! अर्धा तास फिल्म फिरवत बसले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की स्वस्त फिल्म दृश्य प्रकाशासाठी असते, इन्फ्रारेडला ती नुसती पारदर्शक काच.

दुसरा घोटाळा फोकसचा. भिंग प्रत्येक रंगाला सारखंच वाकवत नाही. हिरव्याला फोकस केलं की ८५० ला किंचित धूसर आणि चित्राचा आकारही केसभर बदललेला. एकावर एक रचायला गेलं की कडांना भुतासारखी सावली दिसते. म्हणून टाइलच्या चार कोपऱ्यांवर कागदी टेपचे तुकडे लावून त्यावर खुणेच्या फुल्या मारल्या, म्हटलं फुल्यांवर फुल्या बसवू. बॉलपेनने मारल्या. निळ्या-हिरव्या-लाल फोटोत फुल्या ठळक, ८५० ला चारही कोपरे कोरे! शाईतला रंग इन्फ्रारेडमध्ये दिसतच नाही. (बनावट कागदपत्रं पकडणारे हीच युक्ती वापरतात, एकसारख्या दिसणाऱ्या दोन शायांपैकी एक गायब होते.) मग घरातल्या दहावीवाल्याची पेन्सिल घेतली. ग्राफाइट सगळीकडे काळंच.

हे सगळं जमल्यावर काय दिसलं ते सांगते. ५२५ च्या फोटोंमध्ये पहिल्या मिनिटापासून दीड तासापर्यंत मटण जवळजवळ तेवढंच काळं. काही बदललंच नाही असं वाटावं. आणि समोर टाइलवर डोळ्याला दिसतंय की जांभळ्याचं लालभडक झालंय. ६३० ला मात्र फरक, ऑक्सिजन धरत गेलं तसा लाल फोटो उजळत गेला, कडेपासून आत. दोन्हींचा भागाकार करून चित्र काढलं तर हवा कुठपर्यंत शिरली त्याचा नकाशाच. जिथे सुरी तिरकी गेली होती आणि एक पातळ पापुद्रा दुमडून खाली दबला होता तेवढी एक पट्टी जांभळीच राहिली, फोटोत ती अंगठ्याच्या नखाएवढी काळी रेघ. मी चिमट्याने पापुद्रा उचलला, पंधरा मिनिटांनी परत काढला, रेघ पुसट. अशा वेळी ना, पेपरबिपर सगळं विसरायला होतं.

"जवळजवळ" म्हटलं मी, कारण एलईडीचा पट्टा तीसेक नॅनोमीटर रुंद असतो, नेमका ५२५ चा बिंदू त्यात मिळत नाही, आजूबाजूचं सगळं मिसळून येतं. अगदी सपाट रेघ आली असती तर मीच संशय घेतला असता.

आणि ८५० चा फोटो. तो दाखवला की सगळे एकच विचारतात, हे मटण आहे? दुधासारखं फिकट. लाल रंग देणारं जे काही आहे ते तिथे प्रकाश फारसा खातच नाही. टॉर्चवर पंजा ठेवला की बोटं लाल पेटतात, ते यामुळेच, निळा-हिरवा आत संपतो, लाल आणि त्याच्या पलीकडचा आरपार येतो. ८५० खाली मी स्वतःचा हात धरला तर मनगटाच्या शिरा अशा उठून दिसल्या की आई म्हणाली, "त्या दिवशी सलाइन लावताना नर्सने तीन वेळा टोचलं, तिला दे हे खोकं." आहे तसं यंत्र, मिळतं, शीर शोधायचं. आईला पटलं नाही की हे आधीच कोणीतरी केलंय.

मग मी बोटाला रबरबँड गुंडाळून ६६० ला फोटो काढला. कोरोनात घराघरात आलं ना ते बोटाला लावायचं क्लिप, ऑक्सिमीटर, त्यात हेच दोन दिवे असतात, ६६० चा लाल आणि ९४० चा न दिसणारा. ६६० ला ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनवाल्याच्या दहापट शोषतं, ९४० ला उलट, ऑक्सिजनवालं जास्त. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलं की नाडीबरोबर जेवढा उजेड कमीजास्त होतो तेवढाच मोजायचा, म्हणजे कातडी, हाड, नखं सगळं आपोआप वजा होतं. काय डोकं आहे! दोन पट्टे फक्त, आणि किती लोकांना वेळेवर दवाखान्यात पोचवलं त्यांनी. एप्रिल २०२० मध्ये ते गेले, नेमके तेव्हा, जेव्हा जग त्यांच्या यंत्राकडे डोळे लावून बसलं होतं.

पण त्याच यंत्राची दुसरी बाजू. २०२० च्या डिसेंबरमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं की यंत्रावर आकडा ठीक दिसतोय पण रक्त तपासलं तर ऑक्सिजन खरंच कमी आहे, असं काळ्या पेशंटमध्ये गोऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट वेळा होत होतं. कातडीला रंग देणारं मेलानिन प्रकाश खातं, आणि निळ्याकडे जास्त, लालकडे कमी असं उतरत जातं, ते काही सगळ्या पट्ट्यांना सारखं कापत नाही. आपल्याकडे तर एकाच घरात चार छटा असतात. माझा स्वतःचा पहिला कोड गोऱ्या कातडीच्या डेटावर ट्यून केलेला होता आणि माझ्याच हातावर चुकला, आता काय बोलणार.

बरं, आपटले ती गोष्ट.

तेव्हा मी तोंडाच्या बायॉप्सीच्या स्लाइड्सवर काम करत होते. गुटखा, सुपारी, तंबाखू. गुटख्यावर राज्यात २०१२ ला बंदी आली पण ओपीडीतल्या रांगेला ते कोणी सांगितलेलं दिसत नाही. सुपारीने तोंडाच्या आतल्या अस्तराखाली कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे दोर साठत जातात, गाल लाकडासारखे कडक होतात, तोंड दोन बोटं जाईल इतकंही उघडत नाही, आणि त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. स्लाइड म्हंजे तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून, मेणात बसवून, चारपाच मायक्रॉनचा पापुद्रा कापून काचेवर घेतलेला, आणि दोन रंगांत रंगवलेला. हिमॅटॉक्सिलिन, जे मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतं, ते केंद्रकांना निळंजांभळं करतं, आणि इओसिन बाकी सगळ्याला गुलाबी.

आम्ही मायक्रोस्कोपवर फिल्टर बसवून प्रत्येक स्लाइडचे बरेच पट्टे काढले, रोगट-निरोगी ओळखायला कॉम्प्युटरवरच्या मॉडेलला शिकवलं, आणि निकाल इतका सुंदर आला की सरांनी चहा मागवला. नव्वद टक्क्यांच्या बऱ्याच वर. रोगट आणि निरोगी अगदी फटकून वेगळे. मी आईला फोन पण केला.

चार दिवसांनी लॅबमधले तंत्रज्ञ काका स्लाइडचे खोके परत ठेवताना सहज म्हणाले, "हे जुने बॉक्स का घेतले तुम्ही? यातलं इओसिन उडालंय, आणि काच चिकटवायचं डीपीएक्स बघा, पिवळं पडलंय सगळं." रोगट स्लाइड्स जास्त जुन्या कपाटातून आल्या होत्या, निरोगी त्याच वर्षीच्या. माझ्या पोटात गोळा आला. त्या रात्री मी एक काम केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, स्लाइडचा रिकामा भाग, जिथे टिश्यूच नाही, नुसती काच आणि डिंक, तेवढेच पिक्सेल मॉडेलला दिले. त्याने रिकाम्या काचेलाही कॅन्सर आहे का नाही ते जवळपास बरोबर सांगितलं!

वर आणखी एक, रोगट स्लाइड्स मी सकाळी लॅब उघडल्याउघडल्या घ्यायचे आणि निरोगी जेवणानंतर. हॅलोजनचा दिवा लावल्यावर स्थिर व्हायला वेळ घेतो, आणि पांढऱ्याचा संदर्भ मी दिवसातून एकदाच घ्यायचे, कारण कंटाळा. म्हंजे मॉडेलने डिंकाचं वय आणि दिव्याची सकाळ-दुपार शिकून घेतली होती. टिश्यूकडे त्याने ढुंकूनही बघितलं नसावं. सरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, मग म्हणाले, "बरं झालं पेपर पाठवला नव्हता."

परत सगळं केलं. स्लाइड्स दोन्ही प्रकारच्या एकाच वर्षाच्या, क्रम चिठ्ठ्या टाकून, दर स्लाइडनंतर रिकाम्या काचेचा फोटो, एका पेशंटचे सगळे तुकडे एकतर शिकवायच्या ढिगात नाहीतर परीक्षेच्या, दोन्हीकडे वाटायचे नाहीत. निकाल उतरला, चांगलाच उतरला. पण तो माझा होता.

या फेरीत मी मॉडेल बाजूला ठेवून आधी रंग सोडवले. यातली युक्ती जुनी आणि साधी आहे, रुइफ्रोक आणि जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये मांडली. फोटोतले आकडे सरळ बेरीज-वजाबाकी करायला चालत नाहीत, कारण रंगाचा थर दुप्पट केला की उजेड निम्मा होत नाही, पटीत घटत जातो. लॉग घेतला की मात्र थर बेरजेत येतात. मग प्रत्येक पिक्सेलसाठी प्रश्न एवढाच, यात हिमॅटॉक्सिलिन किती आणि इओसिन किती, शाळेतली दोन अज्ञातांची समीकरणं. तीन रंगांच्या कॅमेऱ्याला जास्तीत जास्त तीन रंग असे सोडवता येतात, चौथा घातला की समीकरणं कमी पडतात, आणि जास्त पट्टे कशाला लागतात त्याचं खरं उत्तर हे आहे. म्हणून दोनशे पट्ट्यांचा कॅमेरा घेतला म्हणून मिरवणाऱ्यांना मी विचारते, तुमच्या स्लाइडवर वेगळ्या गोष्टी किती आहेत? दोनशे?

पॅथॉलॉजीच्या मॅडमना हे वेगळे केलेले रंग दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या, "छान आहे. पण हे मला तसंही दिसतं." मग एका कोपऱ्यावर बोट ठेवलं, जिथे अस्तराखालचा गुलाबी भाग होता. मॅडमच्या मायक्रोस्कोपमध्ये तो एकसलग गुलाबी. आमच्या पट्ट्यांमध्ये त्यातले कोलॅजनचे दोर आणि स्नायूचे धागे वेगळे पडत होते, इओसिन दोन्हीला लागतं पण किंचित वेगळं बसतं. "हे मात्र मला वेगळा स्टेन करून बघावं लागतं," म्हणाल्या. "यातच डोकं घाला. कॅन्सर आहे का ते मी सांगते." तेव्हापासून मी यातच डोकं घातलंय.

स्लाइड करण्याआधीच, पेशंटच्या तोंडातच बघायचे पण प्रकार आहेत. दुर्बिणीतून घसा-अन्ननलिका बघताना नॅरो बँड इमेजिंग म्हणून बटण असतं, ते पांढऱ्याऐवजी ४१५ आणि ५४० चेच पट्टे टाकतं, दोन्ही हिमोग्लोबिनच्या आवडीचे, त्यात वरच्या थरातल्या केशवाहिन्या तपकिरी आणि खोलवरच्या हिरव्यानिळ्या दिसतात. दुसरा प्रकार निळाजांभळा उजेड टाकून अस्तराची स्वतःची हिरवट चमक बघायची, जिथे पेशी बिघडतात तिथे चमक विझून काळा डाग दिसतो. ऐकायला भारी. पण साधी सूज असली, तोंड आलं असलं तरी डाग काळाच. त्याच्यावर तपासणी शिबिरात लोकांना घाबरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, बायॉप्सी ती बायॉप्सी.

तर मटण. फ्रीजमध्ये झाकून ठेवलं आणि गुरुवारी, शुक्रवारी परत फोटो. ६३० आणि ५२५ चा भागाकार आता उलट्या दिशेने, लाल फोटोत काळे ढग, पृष्ठभागावर नाही तर आधी किंचित खाली, जिथे हवा अर्धवट पोचते तिथे तपकिरी रूप लवकर बनतं. पुस्तकात वाचलेलं होतं, पण स्वतःच्या खोक्यात बघितल्यावर कळलं की सुरी जिथून गेली त्या कडेला तो थर एखाद्या वहीच्या समासासारखा बारीक धरून चालतो.

शुक्रवारी संध्याकाळी आई आली, स्क्रीनवर रंगीत नकाशा बघितला. "म्हंजे खराब झालंय का ते कळतं यात?"

"नाही गं, तपकिरी म्हंजे खराब असं नाही. ते फक्त लोहाचं ऑक्सिडेशन. खराब होणं म्हंजे जंतू, ते या सात पट्ट्यांत मला सांगता येणार नाही."

आईने ताटली उचलली, नाकाशी नेली.

"गेलंय," म्हणाली, आणि पिशवी बांधून दाराबाहेर ठेवली. दुकानातलं मांजर आमच्या जिन्यापर्यंत येतं हे मला तेव्हा कळलं.